क्वार्टरचं उत्तर

लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नाही, म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आम्हा दोघांना गणपतीपुळ्याला पाठवलं. नवस बोलायला. आता मूल कसं व्हावं हो? नवरा मिलिटरीत. चार वर्षांत सगळं मिळून सात-आठ महिने घरी, आणि त्यातही दिवसा एकमेकांशी बोलायची सोय नाही. आमच्या आष्ट्याकडच्या घरांत थोरांसमोर नवरा-बायकोनं बोलणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. त्याला तहान लागली की तो म्हणायचा, "आई, पानी." आत्याबाई माझ्याकडं बघायच्या, मी तांब्या भरून त्यांच्या हातात द्यायची, त्या त्याच्या हातात द्यायच्या. तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. तो रजेवर आला होता. दसरा झाला होता, दिवाळीला अवकाश होता. आष्ट्याहून कोल्हापूर, तिथून आंबा घाट उतरून रत्नागिरी. एसटीत शेजारी बसलेला माणूस आपला नवरा आहे हे मला ठाऊक होतं, पण त्याच्याशी एवढा वेळ सलग बोलायचं काय, हे कुणी शिकवलं नव्हतं. तो पठाणकोटच्या थंडीचं सांगायचा, मी "व्हय" म्हणायची. घाट उतरल्यावर खाली कापणीला आलेलं भात दिसायला लागलं, तेव्हा कुठं माझ्या तोंडून शब्द फुटला. "आवं, हिकडं ऊस न्हाईच का?" तो इतका हसला की पुढच्या बाकावरची म्हातारी वळून बघायला लागली. मला कळेना, यात हसण्यासारखं काय होतं.

देवळाजवळच्या एका घरात खोली मिळाली. पहिल्या दिवशी दर्शन झालं, नवस बोलून झाला. दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही वाळूत जाऊन बसलो. चपला काढल्या, पिशवी शेजारी ठेवली. तो मुठीत वाळू घेऊन सोडत होता. मग समुद्राकडं बघतच म्हणाला, "तिकडं फॅमिली क्वार्टर मिळतंय. दोन वर्सांसाटी. माजा नंबर लागलाय. गेल्या गेल्या सायबाला लिवून द्यायचं हाय, पायजे का नगं. येतीस का?"

मला आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाशी बोलतोय. खरंच सांगते, तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. लग्न ठरवताना नाही, शाळा सोडवताना नाही, साडीचा रंग कुठला हवा हेसुद्धा नाही. आणि हा एकदम विचारतो, येतीस का!

"आत्याबाई काय म्हंतील?" मी म्हटलं.

"आईचं मी बगतो. पर आदी तू तुजं सांग. तू व्हय म्हनलीस तरच मी घरात इषय काडनार."

माझं डोकं पार चक्रावलं. होय म्हणावं, तर आत्याबाईंचे गुडघे धरलेले, म्हशीची धार कोण काढणार? नाही म्हणावं, तर हा माणूस पुन्हा वर्षभर दिसायचा नाही. तिकडं सगळे हिंदी बोलणार, मला भाजी आणायला जमेल का? आणि दोन खोल्या, स्वतःची चूल, त्यात मी आणि हा, एवढंच? त्या विचारानं आनंद व्हायचा सोडून मला भीतीच वाटायला लागली. तरीपण तोंड उघडलं होतं मी. काय म्हणणार होते, देव जाणे.

तेवढ्यात पाणी आलं. भरती म्हणजे काय, हे आम्हाला कुठं माहीत? आमच्याकडं पाणी कुणीतरी मोटार चालू केली की येतं, पाळी असेल त्याच्या सरीत येतं. आम्ही आपले कृष्णेच्या वाळूत बसावं तसे ऐसपैस बसलेलो. लाट एकदम मांडीवरून गेली. हा ताडकन उठला आणि ओरडला, "आरं, पानी कुनी सोडलं रं?" पिशवी मी धरली, पण त्याची एक चप्पल गेली. तो उरलेली चप्पल हातात घेऊन गुडघाभर पाण्यात उभा, आणि मी हसून हसून बेजार. तोही हसायला लागला. लग्नानंतर आम्ही असे एकत्र हसलो ते तेव्हाच. हसणं ओसरलं तोवर यात्रेकरूंचा एक मोठा घोळका शेजारी येऊन बसला होता, आणि त्याच संध्याकाळी धरलेल्या परतीच्या गाडीत तर उभं राहायला जागा नव्हती. म्हटलं, घरी जाऊन निवांत सांगू. निवांत! अक्कल कुठं गहाण टाकली होती कुणास ठाऊक.

घरी आलो आणि कामाच्या रगाड्यात सापडलो. ऊसतोडीची टोळी आली, तो दिवसभर रानात आणि रात्रीही राखणीला तिथंच. मला दिवाळीची सारवणं, पापडाचं पीठ, म्हशीचं आंबवण. जाता-येता त्याचे डोळे विचारायचे आणि मी शेणाची पाटी घेऊन पुढं निघून जायची. एकदा गोठ्यात आम्ही दोघंच होतो. तो हळूच म्हणाला, "मग?" तेवढ्यात आत्याबाई बादली घेऊन दारात. तो लगेच दाव्याची गाठ सोडायला लागला. गाठ नव्हतीच तिथं.

रजा संपायला दोन दिवस राहिले होते. जेवताना त्यानं पाणी मागितलं. मी तांब्या आत्याबाईंना दिला, त्यांनी त्याला दिला, आणि माझं तिथल्या तिथं ठरलं. जायचं. पण सांगायचं कसं? चिठ्ठी लिहावी, तर कुणाच्या हाती लागली म्हणजे शोभा. मग मला वाटलं, मी फार हुशारी केली. त्याची ट्रंक मी भरायची. तळाशी, कागदाखाली, माझ्या दोन चांगल्या साड्या घडी घालून ठेवल्या. त्यावर कपडे, लाडूचा डबा, शेंगदाण्याची चटणी. निघण्याआधी ट्रंक पुन्हा उपसून स्वतःच्या हातानं लावायची त्याची मिलिटरी सवय होती. साड्या दिसल्या की समजेल, अजून काय सांगायचं?

नेमकी त्या दिवशी गाडी लवकर आली. धाकटे दीर ट्रंकेवर बसले, कुलूप लागलं, संपलं. पण एसटीच्या खिडकीतून त्यानं माझ्याकडं बघितलं आणि हसला. मला वाटलं, बघितल्या यानं! पुढचे वीस दिवस मी हवेतच होते. धार काढताना मनात हिंदी जुळवायची.

मग पत्र आलं. आमच्याकडं पत्र म्हणजे सगळ्या घराचं. बाहेरच्या सोप्यात सगळे बसायचे आणि कॉलेजात जाणारे हेच धाकटे भावजी मोठ्यानं वाचायचे. मी दाराआड. तीर्थरूप आईस नमस्कार झाला, म्हशीची चौकशी झाली. मग भावजींनी वाचलं, "ट्रंकेत चुकून घरातल्या दोन साड्या आल्या आहेत. गावाकडं कुणी निघालं की त्याच्याबरोबर पाठवतो. क्वार्टरचं विचारलं होतं, त्याचं काही उत्तर मिळालं नाही. नको असेल असं समजून साहेबांना तसं लिहून दिलं."

"कसलं क्वार्टर?" आत्याबाईंनी विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. भावजींनी कागद उलटून बघितला.

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त संताप येत होता, त्याचा की माझा, ते मला आजही सांगता यायचं नाही. मी दाराआडून बाहेर आले. डोक्यावरचा पदरही नीट केला नाही.

"चुकून न्हाई," मी म्हटलं. "मी घातल्यात त्या. मला जायचं हाय. भावजी, उलट टपालानं लिवा, क्वार्टर पायजे म्हनून सायबाला सांगा, साड्या तितंच ऱ्हाऊ द्या."

भावजी पेन हातात धरून आत्याबाईंच्या तोंडाकडं बघायला लागले.

"आवं, तिकडं काय बगताय?" मी म्हटलं. "मी सांगतीया न्हवं? लिवा."