ब्रेकचं स्पेलिंग

आठवीच्या वर्गात मी विरामचिन्हं शिकवत होते, तेव्हा शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, सुप्यावरून फोन हाय." फोनवर गणपत होता, दादाच्या हाताखालचा फिटर. "ताई, नगरला या. सिव्हिलला," एवढंच बोलून त्याने फोन ठेवला. जामखेडहून एसटीने नगरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. सुधाकर, माझा थोरला भाऊ, सुप्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन होता. शेडमधल्या क्रेनला अडकवलेला लोखंडी साचा घसरून त्याच्या अंगावर आला. भेटायला येणारे सगळे 'अपघात' म्हणतात. मी तो शब्द वापरायचं सोडून दिलंय.

मेलेल्या माणसाला साधाभोळा म्हणायची आपल्याकडे रीत आहे. दादा तसा मुळीच नव्हता. चढ्या आवाजाचा, भांडखोर, कडक इस्त्रीच्या शर्टाचा शौकीन. आणि इंग्रजीचा तर वेडा. आमचे वडील गवंडी. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या भिंती त्यांनीच बांधल्या, पण स्वतःची सही करताना त्यांचा हात कापायचा. ते पाहून दादाने लहानपणीच काहीतरी ठरवून टाकलं असावं. आयटीआय करून नोकरीला लागला तरी इंग्रजी पेपर मोठ्यांदा वाचायची सवय सुटली नाही. बोलायचाही बिनधास्त. 'ए', 'ॲन', 'द' हे त्याच्या लेखी जकात नाक्यासारखे, शक्यतो चुकवून पुढे जायचं. स्टँडवर कंडक्टरशी इंग्रजीत भांडताना मी त्याला पाहिलंय, आणि कंडक्टरने माघार घेतलेलीही पाहिलीय. बी.ए.ला मी मराठी घेणार होते, तर म्हणाला, "आपल्याला रान न्हाई, सुमे. तू इंग्रजी कस." मग मी तेच कसलं. आज त्यावरच माझं घर चालतं.

पूर्वी कारखान्यात काही बिघडलं की दादा साहेबाला हाताला धरून मशीनपाशी नेई. साहेब कान देऊन आवाज ऐकत आणि दुरुस्तीचा हुकूम सोडत. मग काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी एसी आला. यापुढे प्रत्येक तक्रार पुण्याच्या ऑफिसला ई-मेलने आणि इंग्रजीतूनच जाईल असं ठरलं. दादाला केवढा आनंद! बूट बाहेर काढून केबिनमध्ये जायचा, एका बोटाने एकेक अक्षर शोधत टाईप करायचा. मला फोनवर म्हणाला, "सुमे, हितनं बटन दाबलं की पुन्यात उमटतंय." एवढ्या लांब आपला शब्द जातो याचंच त्याला अप्रूप होतं. तो वाचलाच जाणार, हे तो धरूनच चालला होता...

क्रेनला अडकवलेला बोजा मध्येच थांबवला तर थांबायला हवा. ही क्रेन थांबायची आणि मग बोजा हळूहळू खाली सरकायचा. दादाने पुण्याला कळवलं: ब्रेक धरत नाही, बोजा उतरतो, माणूस मरेल, क्रेन बंद ठेवायची परवानगी द्या. इंग्रजी त्याचं नेहमीचंच होतं. आणि ब्रेकचं स्पेलिंग त्याने बी-आर-ई-ए-के असं केलं होतं. मराठीत ब्रेक तो ब्रेक. इंग्रजीत गाडीच्या ब्रेकचं स्पेलिंग वेगळं, आणि दादाने लिहिलं त्याचा अर्थ होतो मधली सुट्टी.

पुण्याच्या मॅनेजरांनी उत्तर दिलं. सगळ्या अधिकाऱ्यांना त्याची प्रत पाठवली. 'ब्रेक काम करत नसेल तर ठीकच आहे, ब्रेकमध्ये कुणीच काम करत नाही. आपण चहा घ्या.' खाली दादाच्या एकेका वाक्याची दुरुस्ती केलेली. स्वल्पविराम कुठे हवा, क्रियापद कुठे चुकलं. असं इंग्रजी कंपनीच्या नावाने जाणं शोभत नाही, ही समजही शेवटी दिलेली. क्रेनबद्दल एक अक्षर नाही. कँटीनमध्ये लोक दादाला विचारू लागले, "काय फोरमन, ब्रेक झाला का?"

त्या रविवारी दोन्ही मेल छापलेला कागद घेऊन तो जामखेडला आला. चहाला शिवला नाही. "तू इंग्रजीची मास्तरीन हाईस. वाच. मी काय म्हनतोय ते कळतंय का न्हाई, तेवढंच सांग."

"कळतंय की."

"लहान पोराला कळंल?"

"कळेल."

"मग ह्यांना का न्हाई कळलं?"

मी इंग्रजी शिकवते. स्वल्पविरामासाठी मी मुलांशी भांडते. व्याकरण कशासाठी असतं हे मला कुणी सांगायला नको. वाचणारा अडखळू नये, आपलं म्हणणं नीट पोचावं, म्हणून असतं. समोरच्याचं म्हणणं पोचलेलं असतानाही दार लावून घ्यायची ती कडी नव्हे. त्या मॅनेजरांना सगळा अर्थ लागला होता. लागला नसता तर दुरुस्ती कशी करता आली असती?

आम्ही दोघांनी बसून ते पुन्हा लिहिलं. एक टिंब चुकीचं ठेवलं नाही. सोमवारी त्याने पाठवलं. उत्तर आलं: 'इंग्रजीत चांगली सुधारणा आहे. अभिनंदन, असेच प्रयत्न चालू ठेवा.' बस्स! दादाचा फोन आला. "पास झालो बग, सुमे," म्हणाला.

पुढे मोठी ऑर्डर निघाली. क्रेन थांबली तर जबाबदारी तुमची, असं दादाला सांगण्यात आलं. गणपत सांगतो, त्याने सगळ्यांना धोक्याच्या पिवळ्या रेघेच्या बाहेर काढलं आणि क्रेनच्या बटणांचा डबा स्वतःच्या हातात घेतला. साचा घसरला, खालच्या मशीनच्या कडेवर आपटला आणि दादा उभा होता त्या बाजूला कलंडला.

दादाच्या जलदान विधीला पुण्याचे मॅनेजर आले होते. पांढरा शर्ट, हात जोडलेले. वंदना झाल्यावर त्यांनी मुख्य ऑफिसचा शोकसंदेश वाचून दाखवला आणि कागद वहिनीच्या हातात दिला. तिने माझ्याकडे दिला. इंग्रजी निर्दोष होतं. प्रत्येक स्वल्पविराम जिथल्या तिथे. फक्त नावातली दोन अक्षरं उलटी पडली होती. सुधाकरचा 'सुधारक' झाला होता. वाचताना त्यांच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

मी उठून उभी राहिले. "साहेब, माझ्या भावाचं नाव चुकलंय."

त्यांनी कागदात डोकावलं. "टायपिंग मिस्टेक आहे, मॅडम. क्षमा करा. पण अर्थ पोचला ना? अर्थ महत्त्वाचा."

"दादाचाही पोचला होता," मी म्हणाले.

आईने माझा पदर ओढला, पण मी बसले नाही. मॅनेजर गाडीत बसेपर्यंत मी तशीच उभी होते. माझा राग निवला का, असं लोक विचारतात. नाही निवला. निवावा असं मला वाटतही नाही.

गेल्या आठवड्यात दादाचे कपडे, डबा आणायला वहिनीबरोबर सुप्याला गेले. गणपत आम्हाला शेडमध्ये घेऊन गेला. डोक्यावर क्रेन चालू होती. भलाथोरला साचा उचलला गेला, अर्ध्यावर आला आणि थांबला. मी मान वर करून बघत राहिले. तो तसूभरही खाली आला नाही.

"आता धरतोय, ताई," गणपत म्हणाला. "दादा गेला त्याच हप्त्यात पुन्याहून मानसं आली, नवा बसवून गेली."

"मेल कुणी केला होता?"

"कुनीच न्हाई," तो म्हणाला. "मेल कशाला लागतोय आता..."