चेंडू टाकणारा सालगडी

मनमाडला निजामाच्या छोट्या गाडीत चढलो तेव्हा माझ्याजवळ वळकटी, बहिणीसाठी लाडवांचा डबा आणि क्रिकेटबद्दल पुष्कळ मते होती. डबा मीच वाटेत संपवला. मते जालन्यात गेली.

स्टेशनवर दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, टांगा घेऊन उभे होते. ते तिथल्या एका जिनिंगमध्ये (सरकी काढायच्या कारखान्यात) मुनीम. दुसऱ्या दिवशी पाडवा. पुरणपोळीवर आडवा हात मारून मी लवंडणार, तोच ते म्हणाले, "चला, म्हादबाचं साल ठरून राह्यलं आज."

इकडे सालगडी (वर्षाच्या बोलीवरचा गडी) पाडव्याला ठेवतात, पाडव्यालाच सोडतात. म्हादबा हा जिनिंगच्या शेठचा सालगडी. पण त्याचे काम शेठच्या संघासाठी चेंडू टाकण्याचे. तो धावडा गावचा धनगर. गोफणीने लांडगा पिटाळताना शेठने त्याला पाहिले आणि मेंढरांमागून उचलून आणले. आता त्याच्या मिशा पिकल्या होत्या, आणि शेठच्या मनात एक तरणा गडी भरला होता.

त्याची परीक्षा घ्यायला जिनिंगमागच्या माळावर खेळपट्टी म्हणून काथ्याची चटई अंथरली होती. शेठ म्हणाले, "आमचे पोरं याच्यासाठी मुद्दाम बाद होतेत. पाहुणे, तुमाला कुनाची भीड न्हाई. तुमी उभे राहा."

मी धोतर खोचून उभा राहिलो. पोटात पुरणपोळी, हातात बॅट. दोन्हींचे ओझे सारखेच. म्हादबा लांबून धावत आला. कानाजवळून नुसता वारा गेला. तो चेंडू होता, असे मला नंतर सांगण्यात आले. पुढच्या वाऱ्याने मागच्या दांड्या पडल्या.

"राम राम, पाव्हनं," म्हादबा म्हणाला.

"यांना तर माझी आजी बी बाद करंल," म्हणत शेठने माझ्या हातची बॅट घेतली. त्यांचे बरोबर होते.

शेठ मात्र खेळणारे. म्हादबाचे चेंडू त्यांनी थेट कपाशीच्या गंजीवर धाडले. कडेला बसलेल्या म्हादबाच्या बायकोने भाकरीच्या फडक्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"म्हादबा, खांदा गेला का रे?"

"खांद्याचं मी बघतो, शेठ. तुमी चेंडू बघा."

तो तसाच धावला, हात तसाच फिरला. पण चेंडू पाळण्यात मूल ठेवावे तसा हातातून सुटला. शेठची बॅट फिरून गेली, तरी तो हवेतच. मग टप्पा पडला, तो आत वळला आणि मधल्या दांडीला नुसता टेकला. दांडी सावकाश आडवी झाली. मी घाट पाहिले, धबधबे पाहिले. तोंड असे उघडे कधी राहिले नव्हते.

शेठ वाकून दांडी पुन्हा रोवू लागले. मग म्हणाले, "मुनीमजी, याला विडा द्या." विडा दिला की साल पक्के.

सगळे पांगल्यावर मी माझी एक चप्पल शोधत मागे राहिलो. बाभळीखाली म्हादबा पटका बांधत होता. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. बायकोने पटका त्याच्या हातून घेतला आणि गुंडाळू लागली.

"औंदाचं निभलं," ती म्हणाली. "मंग पुढं?"

"पुढं पाडव्याला बघू. जोर सरला. शेठची घाई न्हाई सरली अजून."

पुढे माझ्या घरी परत पोचलो, तर दारातच सौभाग्यवतीने विचारले, "वन्संना लाडू आवडले का?" उत्तर लांबवावे म्हणून टोपी खुंटीला लावायला मी हात वर केला. तो सहज वर गेला. थोडा वेळ मी तो तसाच ठेवला.