उतरत्या उन्हातला बाजार

मुकेशला बाजार करायला शिकवला त्याच्या आईनं. फागीचं माहेर खोडाळ्याचं. बाजाराला सकाळीच जायचं, पण सकाळी काही घ्यायचं नाही, हा तिचा नेम. सगळीकडे भाव विचारायचे, नाक मुरडायचं, आणि चिंचेखाली फतकल मारून बसायचं. शेवटच्या जीपची वेळ झाली की सुकटवाली टोपली आवरायला लागते, कांदेवाल्याला उरलेलं पोतं परत न्यायचा कंटाळा येतो. तेव्हा उठायचं. "सकालचा बाजार शेठचा, उतरत्या उन्हातला आपला," असं म्हणायची. इकडच्या सगळ्याच बाया असा बाजार करतात, पण फागीची छाती कुणाची नाही. कधी जीप चुकली तर डोक्यावर ओझं घेऊन चालत आली, पण सकाळच्या भावानं मिरची घेतली नाही म्हणजे नाही.

हीच फागी धवलेरी होती. धवलेरी म्हणजे धवल, लग्नाची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई. या डोंगरात भटजी नसला तर लग्न अडत नाही, धवलेरी नसली तर मांडवात कुणाला काय करावं कळत नाही. ती पुढं एक ओळ म्हणणार, मागं बसलेली तिची जोडीदारीण काळी ती उचलणार, आणि त्या गाण्यावर बायांचे हात पिठानं भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहीत राहणार. साखरशेतपासून दाभोशापर्यंत किती मांडवांत ती गायली, कुणी मोजलंय?

मुकेश लग्नाचं शूटिंग करायचा. आई गायची आणि लेक कॅमेरा धरायचा, म्हणजे एकाच मांडवात मायलेकरांची दोन कामं. लोक गमतीनं म्हणायचे, "फागी लग्न लावते नि मुकेश पुरावा ठेवतो." सगळं कच्चं शूटिंग त्यानं एका जाड काळ्या हार्ड डिस्कमध्ये साठवलं होतं. फायलींना नावं कुणी घालायची? नुसते नंबर. बघू पुढं निवांत, असं म्हणत वर्षं गेली. निवांतपणा काही आला नाही. मागच्या पावसाळ्यात फागी गेली. दोन दिवस ताप आला, आणि गेली.

दिवाळीच्या आधी ती डिस्क आवाज करायला लागली. टक, टक, टक, मग गप्प. मुकेश ती पिशवीत घालून जव्हारला चंदूशेठच्या दुकानात गेला. चंदूनं कानाला लावून ऐकली आणि मान हलवली.

"म्हातारी झाली रे ही. आता सारखी उघडू नकोस. एसएसडी घे. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळं असली टकटक नाही. एकदाच जोड, सगळं तिच्यात ओतून घे, आणि हिला रामराम कर."

"केवढ्याला?"

"तुला लागते तेवढी मोठी, साडेपाच हजार. आणि ऐक, भाव वाढायची बोलवा आहे. घेऊन टाक."

पैसे नव्हते असं नाही. एका लग्नाचा विसार खिशात होता. पण 'भाव वाढणार, घेऊन टाक' हे शब्द ऐकले आणि मुकेशच्या आतली फागी जागी झाली. हेच तर सुकटवाली सकाळी म्हणते! त्यानं मनातल्या मनात नाक मुरडलं आणि म्हणाला, "बघतो शेठ. येतो मंग."

घरी बायको कविता म्हणाली, "आणली का?"

"उतरंल भाव. दिवाळीचं गिऱ्हाईक संपू दे."

त्याच आठवड्यात लेकीचं, करिष्माचं, लग्न ठरलं, वैशाखातलं. एकुलती एक पोर, आजीच्या मांडीवर वाढलेली. कपड्यांचं बोलणं नाही, दागिन्यांचं नाही, पहिली गोष्ट ती काय म्हणाली तर, "बाबा, लग्न लावायला दाभोशाची धवलेरी आणा, पण माझा चौक आजीच्याच धवलावर लिहायचा. तुमच्याकडं आहे ना तिचा आवाज?"

"हाय की. ढीगभर हाय," मुकेश म्हणाला. आणि खरंच होता, त्या काळ्या डब्यात.

दिवाळी गेली. चंदूनं सात हजार सांगितले. मुकेश हसून परत आला. असं असतंच, दुपारी भाव जरा ताणतात. मार्गशीर्षात विचारलं तर साडेआठ. "अरे बाबा, ते एआयवाले काय ते, त्यांच्या मोठमोठ्या कंपन्या सगळा माल उचलतायत," चंदू वैतागून म्हणाला. "माझ्या हातात काय आहे? मी मागवतो तर मलाच वाढीव भावानं येतं." कुठल्या तरी परक्या देशातल्या कुणाला तरी डिस्का लागतात, म्हणून जव्हारात भाव वाढतो, हे मुकेशच्या डोक्यात शिरेना. दुकानदाराला नेहमीच काहीतरी सांगायला असतं.

पुढं एकदा भाव तीनशेनं खाली आला. तीनशेच! पण मुकेशला केवढा आनंद. घरी येऊन कविताला म्हणाला, "बघ, उतरलं ना ऊन? आता अजून पडंल."

कविता चुलीतली लाकडं पुढं सारत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. "आत्याबाई सुकट घेत होत्या. टोपली परत न्यायला नको म्हणून ती बाई संध्याकाळी स्वस्त देते. ह्या तुमच्या डब्याचं काय ओझं? शेठला कसली घाई? त्याला कनची जीप पकडायचीय?"

बोलणं सरळ होतं, अगदी सुईच्या नेढ्यातून जावं इतकं सरळ. मुकेशला ते कळलंही. पण माणूस एकदा थांबला की त्याला थांबण्याचीच सवय लागते. साडेपाचला सोडलेली वस्तू साडेआठला घ्यायची म्हणजे आपण मूर्ख ठरलो हे कबूल करणं. त्यापेक्षा अजून जरा थांबू. रोज सकाळी उठून मोबाईलवर भाव बघायचा, जिवाला चरका बसायचा, आणि पुन्हा उद्यावर टाकायचं. कॅमेरा उचलून दमला नाही इतका तो या भाव बघण्यानं दमला. मधे दोनतीन लग्नं केली ती मेमरी कार्डातच पडून राहिली.

शिमगा झाला. लग्न तोंडावर आलं. एक दिवस तो उठला, जव्हारला गेला, आणि बारा हजारांना ती वस्तू घेऊन आला.

वस्तू केवढीशी, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. ओटीवर लॅपटॉप मांडला. एका बाजूला जुनी जोडली, दुसऱ्या बाजूला नवी. करिष्मा शेजारी येऊन बसली. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. पाव बोटभर सरकली. मग जुनीतून आवाज आला, टक, टक, आणि खर्र असं काहीतरी खरवडल्यासारखं. पट्टी थांबली. मुकेशनं वायर काढली, लावली, परत काढली, परत लावली. डिस्क एकदा थरथरली आणि गार पडली.

दुरुस्तीला ठाण्याला पाठवून पाहिली. पंधरवड्यानं परत आली. आतली तबकडीच खरवडली गेलीय, काही निघणार नाही, असं तिकडून फोनवर सांगितलं. नवीत जे उतरलं होतं त्यात कुणाची तरी वरात आणि नुसती धूळ. फागी नाही.

"पण तुम्ही लोकांना व्हिडिओ दिलेत ना?" करिष्मा म्हणाली. "त्यात आजी असेलच की!"

मुकेशनं तोंड फिरवलं. होती, आजी होती. पण गिऱ्हाइकाला लग्नाच्या व्हिडिओवर डीजेची गाणी लागतात. त्यानं स्वतः बसून प्रत्येक व्हिडिओतला मूळ आवाज बंद केला होता आणि वर गाणी घातली होती. नीट बसावीत म्हणून किती मेहनत घेतली होती! लोकांच्या घरी जे गेलं त्यात फागीचं नुसतं तोंड हलत होतं.

चौक लिहायचा दिवस आला. दाभोशाची धवलेरी लग्नाच्या दिवशीच येणार होती. पाहुणे जमले, भिंत सारवून झाली. काळीला मुद्दाम आणलं होतं. ती आता फार थकली होती, दोघींनी धरून ओटीवर बसवली.

"काळीआजी, तूच म्हण ना आजीचं धवल," करिष्मा म्हणाली.

"नाय गो पोरी. मी मागची. जल्मभर फागीनं दिलं ते उचललं. पुढचं सांगणारं माणूस पायजे."

बाया पिठाच्या वाट्या घेऊन भिंतीपुढं नुसत्याच बसून राहिल्या. करिष्मा आत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. साखरशेतच्या एका लग्नाचा व्हिडिओ तिनं मैत्रिणीकडून पेन ड्राइव्हवर मागून आणला होता. तिनं गाण्याचा आवाज पार बंद केला आणि पडदा काळीच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर फागी होती. डोक्यावर पदर, हातात तांदूळ, ओठ हलत होते.

काळी पुढं वाकली. बराच वेळ बघत राहिली. मग तिचेही ओठ हलायला लागले, आणि खरखरीत, बारीक आवाजात पहिली ओळ बाहेर आली. बाया चमकल्या. काळी फागीच्या तोंडाकडं बघत होती आणि शब्द घेत होती, जसे आयुष्यभर घेतले तसेच. दुसरी ओळ आली. कवितानं वाटीत बोटं बुडवली. करिष्मा रडत होती आणि हसत होती. आये, मिळालीस गो, असं मुकेशला ओरडून सांगावंसं वाटलं.

तिसरी ओळ अर्ध्यावर आली आणि पडद्यावरून फागी सरकली. तिच्या जागी नवऱ्याकडची पोरं नाचायला लागली. त्या दिवशी पोरांनी हाका मारल्या होत्या, 'मुकेशभाऊ, इकडं, इकडं!' आणि त्यानं कॅमेरा तिकडं वळवला होता. आई काय, रोजचीच.

काळी थांबली. ओठांशी आलेला शब्द तिथंच राहिला.

"मंग? पुढं काय बोलली ती?"

करिष्मानं पुन्हा पहिल्यापासून लावलं. काळी पुन्हा गायली आणि पुन्हा त्याच जागी अडली. बायांची बोटं भिंतीवर होती तशीच राहिली. चौकाची एक बाजू झाली होती, तीन बाकी होत्या.

कुणी तरी लॅपटॉप मिटायला हात पुढं केला. काळीनं तो धरला. "राहू दे. वाईच थांबू," ती पडद्यावरच्या नाचणाऱ्या पोरांकडं बघत म्हणाली. "येईल ती परत."

मुकेशला ठाऊक होतं, त्या व्हिडिओत ती परत येत नाही. पण थांबू नका असं कुणाला सांगायला त्याला तोंड नव्हतं. तोही त्यांच्याबरोबर बघत बसला.