नव्या गोधडीचं ठिगळ

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला एक वाईट खोड लागते. समोरच्याला मराठी कळत नाही या भरवशावर त्याच्या तोंडावर त्याची उणीदुणी काढायची. भाजीवाल्यापुढे, मेट्रोत शेजारी बसलेल्या बाईपुढे, लग्नात वाढायला आलेल्यापुढे. चेहरा तेवढा हसरा ठेवायचा, बाकी उचलली जीभ लावली टाळ्याला. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमची उमेदीची वर्षं गेली आणि तिथल्या आम्ही मराठी बायका या कलेत तरबेज झालो. नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही नोएडाला फ्लॅटमध्ये आलो. खोडही सामानाबरोबर आली.

मुलाने पानिपतची मुलगी पसंत केली तेव्हा माझा भाऊ फोनवर म्हणाला होता, "पुन्हा पानिपत? अगं, एकदा पुरे नव्हतं का?" आम्ही पोट धरून हसलो. मुलगी गुणाची निघाली. लवकरच मराठी बोलायला लागली, मला आई म्हणायला लागली. तिची आई मात्र मला जरा साधी वाटायची. साधी म्हणजे काय ते आता लिहितानाही लाज वाटते. माझ्याशी काय बोलावं हे तिला सुचायचं नाही, म्हणून आली की सरळ स्वयंपाकघरात शिरून भांडी विसळायला लागायची.

दिवाळी झाली आणि मी सुनेचं डोहाळजेवण ठरवलं. लक्ष्मीबाई नगरच्या जुन्या मैत्रिणींना बोलावलं. विहीणबाई सकाळीच पानिपतहून बसने आल्या, हातात भली मोठी पिशवी. पिशवीत गोधडी. आमच्याकडे बाळ गोधडीवर निजतं हे त्यांनी मुलीकडून ऐकलं होतं. त्यांच्याकडे रजई भरून आणायची पद्धत, गोधडी त्यांनी जन्मात शिवली नव्हती. वर माझी जुनी सुती साडी होती, सुनेने ती मला न सांगता धाडलेली. आतले थर विहीणबाईंच्या ओढण्यांचे.

"बहनजी, देखिए तो, ठीक बनी है?"

ठीक नव्हती बनली. माझी आई गोधड्या शिवायची, मला त्यातलं कळतं. थर आधी कच्च्या टाक्यांनी धरून घेतले नव्हते, त्यामुळे मधोमध फुगा आला होता. टाके लांब लांब होते, तान्ह्याची बोटं अडकावीत असे. एवढं त्यांना शेजारी बसवून, प्रेमाने सांगता आलं असतं. बोटांचं तर सांगायलाच हवं होतं. मी म्हणाले, "अरे वाह! बहुत सुंदर!"

मग मैत्रिणी आल्या. सून आतल्या खोलीत फुलांचे दागिने घालून घेत होती. मी गोधडी सतरंजीवर पसरली आणि दाखवायला लागले. विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या, सगळ्यांकडे बघून हसत.

"हा फुगा बघा, आत उंदीर शिरलाय जणू," मी गोड आवाजात म्हणाले आणि फुग्यावर बोट ठेवलं. "आणि टाके? पेराएवढा एकेक." बोट टाक्यांवरून सरकलं. मग मला कोपऱ्यात लाल कापडाचा एक तुकडा दिसला, तिरका लावलेला. "आणि हे तर बघाच! नव्या कोऱ्या गोधडीला ठिगळ! पानिपत झालं गं गोधडीचं."

मैत्रिणी हसल्या. विहीणबाईंनी गावाचं नाव ऐकलं आणि खुलून म्हणाल्या, "हाँ जी, पानिपत से ही लाई हूँ." तेव्हा तर हसू आवरेना.

दुपारी सगळ्या गेल्या. मी बाल्कनीत आले तर विहीणबाई उन्हात बसून छोट्या कात्रीने टाके उसवत होत्या. फुग्यापाशी उसवलं होतं. लांब टाके उसवले होते. आता लाल तुकडा काढत होत्या. जिथे जिथे माझं बोट थांबलं होतं, तिथे तिथे. बोटाला भाषा लागत नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मागून सून चहा घेऊन आली. "मम्मी, ये क्यों निकाल रही हो?"

"अच्छा नहीं लग रहा था."

सून माझ्याकडे वळली. "आई, सांगा ना हिला. तो तुकडा तर तुमच्या गोधडीत आहे, तसाच लावलाय. मीच फोटो पाठवला होता. हिला वाटलं तुमच्याकडची रीत आहे, लावावाच लागतो."

माझ्या आईची गोधडी दिवाणात आहे. माझा मुलगा तिच्यावर वाढला. तिच्यावर इस्त्री करताना एकदा मीच कोपरा जाळला होता आणि आईने चडफडत लाल खणाचा तुकडा लावून तो झाकला होता. तिरका, कारण भोकच तिरकं होतं. मी हे साफ विसरले होते. माझ्या हातून जळलेलं या बाईने आमची रीत म्हणून मन लावून शिवलं, आणि मी त्यावर बोट ठेवून हसले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "रहने दीजिए ना, अच्छा है," मी म्हणाले. ते मलाच खोटं वाटलं, कारण सकाळीही मी असंच म्हटलं होतं.

"ठीक करके लाऊँगी," त्या म्हणाल्या आणि गोधडी पिशवीत भरून पानिपतला घेऊन गेल्या.

माफी मागायला मी कितीदा फोन हातात घेतला. पण माफी मागायची तर मराठीत काय बोलले ते आधी हिंदीत सांगावं लागलं असतं. तेवढा धीर झाला नाही. स्वतःला म्हणत राहिले, गोधडी येऊ दे, आली की कशीही असो, बाळाला तिच्यावरच निजवीन.

ऐन थंडीत नात झाली. बारशाला त्याच मैत्रिणी आल्या. विहीणबाईही आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकची चेनवाली पिशवी होती, दुकानातली. त्यांनी त्यातून गुलाबी ब्लँकेट काढलं आणि माझ्या मांडीवर पसरलं.

"मशीन का है जी. देख लीजिए, इसमें कोई गलती नहीं होगी."

आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"किती मऊ आहे गं!" मैत्रिणी म्हणाल्या, आणि या वेळी मनापासून म्हणाल्या. विहीणबाई मात्र कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या बोटाकडे बघत होत्या.