खरजेवर काजूचं तेल

दादाला मी दांडक्याने मारलं. सख्ख्या थोरल्या भावाला! कुणी विचारलं तर आजही सांगेन, मारायलाच हवं होतं.

आमच्या कुत्र्याच्या कोपरांवरचे केस आधी गेले, मग कानांच्या कडा खपल्यांनी भरल्या. खाजवून खाजवून रक्त काढायचा. डॉक्टरकडे नेऊया म्हणून मी दादाच्या मागे लागले होते. "एवढ्याशा खरजेला डॉक्टर कशाला?" म्हणाला. तो मिरजोळ्याला काजूच्या कारखान्यात कामाला. तिथून टरफलांचं काळं तेल घेऊन आला. दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून आम्ही तेच लावतो. लाकडातली कीड मरते तर अंगावरची का मरणार नाही, हे त्याचं शास्त्र! थेंब उडाला तरी कातडी सोलून निघते, हे काय त्याला माहीत नव्हतं? रोज हातमोजे घालून काम करतो मेला.

मी बाजारातून आले तोवर त्याने ते तेल कुत्र्याच्या पाठीवर चोपडलं होतं आणि कुत्रा अंगणात किंचाळत होता. कुंपणाच्या चिऱ्याच्या गडग्यावर पाठ घासत होता आणि दगडाला कातडी चिकटत होती. दादा धरायला गेला, तर त्याने दादाच्या हाताचा लचकाच तोडला. दादाचं डोकं फिरलं. "पिसाळलाय! संपवतो याला!" म्हणत त्याने दांडकं उचललं. पहिला तडाखा बरगड्यांवर बसला. दुसरा डोक्यात बसला असता तर कुत्रा तिथेच गेला असता. मी दांडकं हिसकावलं आणि दादाच्याच खांद्यावर हाणलं. परत हाणलं.

"त्याला जाळलंस तू! पिसाळलायस तू!"

दादा मटकन खाली बसला. हातातून रक्त गळत होतं. मला जराही दया आली नाही.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं तसं ओढणीने कुत्र्याचं तोंड बांधलं, हातमोजे घालून खोबरेल लावलं, मग साबणाने धुतलं. तो विव्हळत होता आणि मी दादाला शिव्या घालत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी कानाची कड चोळली तर मागचा पाय आपोआप खाजवायला लागला. "खरूजच," म्हणाले. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, गोळ्या दिल्या. खरजेला तेवढ्याच गोळ्या पुरणार होत्या. भाजलेल्या पाठीचं मात्र त्यांनी काही खात्रीने सांगितलं नाही. "जगला तर बघू."

दादा कुत्रा चावल्याची इंजेक्शनं टोचून घेऊन आला आणि अंगणाच्या टोकाला बसून राहिला. मी त्याला कुत्र्याजवळ फिरकू दिलं नाही. मलम मी लावायचे, गोळी घशात मी कोंबायचे, आणि प्रत्येक वेळी तो माझ्यावरच गुरगुरायचा.

शेवटी एकदा तो स्वतःच्या पायांवर उभा राहिला. मी हात पुढे केला. माझ्याकडे ढुंकूनही न बघता तो लंगडत दादाकडे गेला आणि शेपूट हलवत त्याच्या मांडीवर डोकं टेकून पडला. दादा हुंदके देऊन रडायला लागला. दादावरचा माझा राग तोवर निम्मा उतरला होता. त्या कुत्र्याचा मात्र मला असा संताप आला की मी उठून घरात निघून गेले.