गारांचे तक्ते

डॉ. उषा टेंबे यांचं गेल्या फेब्रुवारीत शनिवार पेठेतल्या राहत्या घरी निधन झालं. वळवाची वादळं आणि गारपीट हा त्यांचा अभ्यासाचा विषय होता. त्यांच्या पथकात मी तीन उन्हाळे काम केलं.

पथक म्हणजे टेंबेबाई, मी, आणखी एक सहकारी आणि जीपचा चालक. आमचं मुख्य साधन साधं होतं. पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदात बांधलेले थर्माकोलचे तक्ते शेतात मांडायचे. गार पडली की खळगा उठतो, खळग्यावरून गारेचा आकार कळतो. थर्माकोल बाई मंडईजवळून आणत.

"मखराला बंदी आहे, मॅडम," एकदा दुकानदार म्हणाला.

"मखर नाही. गारांना बसायला पाट हवेत."

त्याने थर्माकोल बांधून दिला.

बहुतेक वेळ वाट पाहण्यात गेला. शिरूरकडे ढग उठला की निघायचं. पोहोचेपर्यंत तो विरलेला असे, नाहीतर शेजारच्या तालुक्यात पडून गेलेला. तापलेल्या जीपमध्ये बाई डोळे मिटून बसत. "ढगांना आपली गाडी ओळखू येते," म्हणत. कुणी 'चांगलं वादळ' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "कुणासाठी चांगलं, ते आधी सांगा."

तिसऱ्या उन्हाळ्यात वरून कळवण्यात आलं, एका तरी गारपिटीची पूर्ण नोंद मिळाली तरच प्रकल्पाला मुदतवाढ. आम्ही संपतराव नावाच्या शेतकऱ्याच्या रानात तक्ते मांडले.

"म्याडम, गारा पडाव्या म्हणून आलाय व्हय?" संपतरावांनी विचारलं.

"पडल्या तर मोजायला आलोय."

"म्हंजी त्येच झालं की."

बाई पुढचा तक्ता मांडायला वळल्या.

मेमधल्या एका दुपारी तिथेच गारा पडल्या आणि थोड्या वेळात थांबल्या. तक्त्यांवर खळगे स्वच्छ उठले होते. असे तक्ते लगेच उचलावे लागतात; पुन्हा गारा पडल्या तर दोन्ही वेळचे खळगे एकमेकांत मिसळतात आणि नोंद निकामी होते. मी धावलो. पलीकडे संपतरावांच्या कांद्याच्या ढिगावरची ताडपत्री वाऱ्याने सुटली होती. ते आणि त्यांची बायको ती ओढत होते.

"तक्ते राहू द्या. ताडपत्री धरा," बाई म्हणाल्या.

"मॅडम, दुसरा ढग डोक्यावर आलाय."

"दिसतोय. म्हणूनच सांगतेय."

"तक्ते उचलून लगेच येतो."

"अहो, त्या दोघांना ती आवरत नाहीये. या इकडे."

आम्ही सगळ्यांनी मिळून ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले. तेवढ्यात पुन्हा गारा सुरू झाल्या. त्या थांबल्यावर बाईंनी एकेक तक्ता उचलून पाहिला. "वाया," म्हणाल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. अहवालात त्यांनी लिहिलं, 'तक्ते वेळेत उचलले नाहीत. निर्णय माझा.'

जुलैत प्रकल्प बंद झाल्याचं पत्र आलं. ते वाचून बाईंनी संपतरावांना फोन लावला आणि कांदा टिकला का, एवढंच विचारलं. बराचसा टिकला होता.