हाणबाबाच्या गावाला

"लेडी इव्हलिन म्हणून एक इंग्रज बाई आल्या आहेत. पारशिवनीकडे जायचंय. दुभाषी म्हणून जाल का?" प्राचार्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या कॉलेजात मी नवी नवी इंग्रजी शिकवत होते आणि खरीखुरी लेडी तोवर फक्त पुस्तकात भेटली होती.

लेडी इव्हलिन साठीच्या निघाल्या, पायात कॅनव्हासचे बूट. कामठीला पोहे खाताना त्यांनी तर्री मागून घेतली आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी बशी रिकामी केली. तिथेच त्या मला आवडल्या.

कन्हानचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंना पळस सुरू झाला. टॅक्सी संथ चाललेली, काचेबाहेर सगळं केशरी, धूसर. त्या तंद्रीत बाई घरची गोष्ट सांगू लागल्या. आजोबा अर्ल, म्हणजे तिकडचे मोठे सरदार, आणि त्यांच्यानंतर वडील. किताब, वाडा, जंगल, सगळं थोरल्याचं. आपल्याकडे धाकट्या पातीला निदान वाटा तरी मिळतो. त्यांच्या हेन्रीकाकांना मिळाली नावाआधी लावायची तीन इंग्रजी अक्षरं: एच, ओ, एन. म्हणजे 'ऑनरेबल'.

"पाकिटावर लिहायचं," बाई म्हणाल्या, "तोंडाने कधी म्हणायचं नाही. तसा रिवाज आहे."

"म्हणजे आमच्या शोकेसमधल्या कपबश्या!" मी म्हटलं. त्या हसल्या.

भावांचं बिनसलं, काका इकडे जंगलखात्यात आले, इथेच गेले. शेवटच्या आजारात वडिलांनी मुलीचा हात धरून सांगितलं, त्याच्या कबरीवरचा दगड आण, माझ्याशेजारी लाव. घरात मुलगा नव्हता, त्यामुळे किताब वडिलांबरोबरच संपला होता. घराचं हॉटेल झालं होतं. उरला होता वडिलांना दिलेला हा एक शब्द, आणि तो पाळायला बाई इतक्या लांब आल्या होत्या.

जाणार असाल तर फाल्गुनात जा, पाणी सोबत ठेवा. पारशिवनीनंतर आता डांबरी रस्ता झालाय म्हणतात. आम्ही बैलगाडीने गेलो. मोहाची फुलं गळत होती, सगळ्या हवेला त्यांचा गोड वास होता. मला वाटत होतं, ही वाट संपूच नये.

दगड मोहाखालीच होता. खालचं नाव पावसाने पुसलेलं, वरची तीन अक्षरं तेवढी शेंदराने लखलखीत. एक म्हातारी कडेवर नातीला घेऊन ओरडत होती, "हाण बाबा, हाण! माह्या पोरीच्या तापाले हाण!"

मी विचारलं, "आजी, हे कोण?"

"हाणबाबा! मास्तरनं वाचलं न दगडावर, 'हान' म्हणून. ताप असो का भूत, हाणते मंग बाबा. ही गोरी बाई काहून आली वं?"

"दगड न्यायला. हिचे काका ते."

म्हातारीने नातीला घट्ट धरलं. "ने म्हणा. तिचाच हाये. पण मंग आमच्या लेकरायचा ताप कोन हाणन?"

मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. बाई तशाच खाली मातीत बसल्या.

"आमच्या घरात," त्या म्हणाल्या, "ही अक्षरं कुणी एकदाही मोठ्याने उच्चारली नाहीत."

रडत होत्या की हसत होत्या, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी वडिलांसाठी दगडाजवळची मूठभर माती रुमालात बांधली आणि म्हातारीसमोर हात जोडले. दगड जागेवरच राहिला.

सोनेगावच्या विमानतळावर त्या मला म्हणाल्या, "मला विमानाची फार भीती वाटते. आजींचं ते कसं म्हणतात?" मी सांगितलं. विमानाच्या शिडीपाशी त्यांनी मागे वळून सगळ्यांदेखत, खणखणीत हाक मारली, "हाण बाबा!"

घरी आले तेव्हा केसांना अजून मोहाचा वास होता. ती वाट मला नंतरही कितीदा स्वप्नात दिसली. आता माझ्या नातवाला कणकण आली की गोळी देते, कपाळावर पट्टी ठेवते, आणि मग एका अर्लच्या धाकट्या मुलाला त्याच्या पूर्ण किताबानिशी मोठ्याने हाक मारते.